बारशाचे पेढे

आमच्या सासूबाईंच्या पेढ्यांचं मुलुंडमध्ये नाव होतं ते सोवळ्यामुळे. हलवाई हात धुतो की नाही देव जाणे, असं म्हणत लोक आमच्या चाळीचे दोन जिने चढून येत. सासऱ्यांच्या मागे याच पेढ्यांवर सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला मॅट्रिक केलं होतं. त्यांच्या स्वच्छतेबद्दल शब्द काढायची कुणाची प्राज्ञा नव्हती, आणि मला तर शब्द काढायची खोड फार.

त्या दिवशी घाटकोपरच्या एका बारशाचे दोनशे पेढे न्यायला चार वाजता माणूस येणार होता. मला कावळा शिवला होता. म्हणजे तीन दिवस गॅलरीत घोंगडीवर बसायचं आणि कशाला हात लावायचा नाही. उघड्या दारातून स्वयंपाकघर समोरच दिसे. सासूबाई न्हाऊन, सोवळ्याचं लुगडं नेसून पाटावर बसल्या होत्या आणि भराभर पेढे वळून परातीत मांडत होत्या.

तीन वाजून गेल्यावर माझं लक्ष त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे गेलं. त्याला नखुरडं झालं होतं, चार दिवस ठणकत होतं. सकाळपर्यंत त्यावर चिंधी होती, आता नव्हती. चिंधी ओवळ्यातली, ती सोवळ्यात कशी चालणार? अंगठा टम्म सुजलेला, नखाच्या कडेनं पिवळा पू. आणि प्रत्येक पेढ्याच्या मधोमध त्या तोच अंगठा दाबत होत्या आणि पडलेल्या खळगीत चारोळी बसवत होत्या.

माझे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. मी लहान असताना एका मुंजीची अख्खी पंगत ओकत ओकत तिथे आली होती. आचाऱ्याचं बोट पिकलेलं निघालं. त्यात माझ्या वर्गातली एक मुलगी गेली.

"सासूबाई, अंगठ्यातून पू येतोय. हे पेढे देऊ नका."

"सोवळ्यात आहे मी," त्या वर न बघता म्हणाल्या. "तीनदा हात धुतलेत."

"धुऊन काय होतंय? आतून येतोय तो. आणि पेढे काही आता परत विस्तवावर चढायचे नाहीत."

"बाहेरची आहेस ना? मग बाहेरच बस. मला अक्कल शिकवू नकोस."

बारशाला पेढा आधी कोण उचलतं? पोरं. नवरा ऑफिसात. आरडाओरडा करून शेजारणी गोळा केल्या, तर सासूबाईंच्या हातचा पेढा पुन्हा कुणी घेतला नसता, आणि घर तर त्यावरच चाललेलं. आत घड्याळात पावणेचार झाले. सासूबाई शेवटची ओळ लावत होत्या.

मी उठले, उंबरा ओलांडला आणि दोन्ही हात परातीत खुपसले.

सासूबाई ओरडल्या नाहीत. "विटाळलेस सगळे," एवढंच म्हणाल्या. विटाळलेला पेढा त्यांनी मेल्या तरी कुणाच्या घरी पाठवला नसता, हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्या विटाळावर मी तीन दिवस दातओठ खात बसायची, त्यानंच माझं काम केलं. माणूस आला, तेव्हा त्यांनी दूध नासल्याचं सांगून त्याला रिकाम्या हातानं परत लावला. मी जिंकले होते. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

तेवढ्यात भांडीवाली आली. मालवणकडची, पदरात चार पोरं.

"आता वाया तरी घालवू नकोस," सासूबाई मला म्हणाल्या. "हिला दे. हिला कुठलं आलंय सोवळंओवळं? पोरं खातील बिचारी." हे त्यांनी मनापासून, दयेनं म्हटलं. भांडीवालीनं हसून पदर पसरला.

मला दुसरं काही सुचलं नाही. कोपऱ्यातली रॉकेलची बाटली उचलली आणि परातीवर उपडी केली.

तिचा पदर तसाच पसरलेला राहिला. "वैनी," ती म्हणाली, "माज्या पोरांनी खाल्ले असते हो."

कारण सांगायला मी तोंड उघडलं. पण ती दहा घरची भांडी घासायची. संध्याकाळपर्यंत तो अंगठा दहा घरी पोचला असता. मी तोंड मिटलं. तिनं पदर झटकून खोचला, मोरीत बसली आणि रॉकेलचा वास जाईपर्यंत ती परात राखेनं घासली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सासूबाईंचा अंगठा चिरला. पंधरा दिवसांनी पेढे पुन्हा सुरू झाले. भांडीवाली पुढे दोन वर्षं आमच्याकडे होती. दर सणाला मी तिच्यापुढे काही ना काही धरायची. "नको वैनी," म्हणायची आणि कामाला लागायची. तिनं आमच्या घरचं पुन्हा काही खाल्लं नाही, आणि मी तिला शेवटपर्यंत कारण सांगितलं नाही.