कुठं दुखतंय ते सांग

अक्का गेली त्या दिवशी मी लातूरला क्लासमध्ये फळ्यावर आरशाची आकृती काढत होतो. फोन आला तो तिच्या घरी राहणाऱ्या वैष्णवीचा. "सर, मी वैष्णवी बोलतेय. बाई स्वयंपाकघरात पडल्या. आम्ही त्यांना रिक्षातून दवाखान्यात आणलंय, डॉक्टर आत आहेत. तुम्ही घरी जाऊ नका, सरळ इकडंच या." दवाखाना कुठला, जिना कुठून, सगळं नीट सांगून झालं आणि मगच तिला रडू फुटलं. मी पोचेपर्यंत अक्का गेली होती. छातीत बरेच दिवस दुखत असणार, असं डॉक्टर म्हणाले. तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं... महिना उलटून गेला, तरी ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. कारण माझ्या या थोरल्या बहिणीनं प्राथमिक शाळेतल्या मुलांना जन्मभर काही शिकवलं असेल, तर ते हेच. दुखतंय ते सांगायचं. कळलं नाही तर तसं म्हणायचं.

ती उमरीजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर नवीन लागली होती, तेव्हा आमच्याकडं भूकंप झाला. मदतीला गेलेल्या शिक्षकांबरोबर तीही लातूरकडं आली आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये मुलांना सांभाळायला लागली. तिथं एक पाच-सहा वर्षांची मुलगी होती. नाव विचारलं की म्हणायची, "छकुली." बापाचं नाव? "अण्णा." गाव कुठलं? "आमचं गाव." याच्यापुढं काही नाही. तिचा मामा भोकरहून येऊन तिला शोधत हिंडत होता. तो त्या शेडवरही येऊन गेला. "रुक्मिणी नावाची पोरगी हाय का?" असं त्यानं दारात विचारलं, नोंद बघणाऱ्या माणसानं नाही म्हणून सांगितलं, आणि मामा पुढच्या छावणीकडं गेला. छकुली तेव्हा आत बसून भात खात होती. बऱ्याच दिवसांनी तो फिरून तिथंच आला, थकून पाणी प्यायला टेकला, आणि हौदावर हात धुणाऱ्या पोरीनं त्याला ओळखलं. अक्का हे सांगायची तेव्हा मामा आणि भाची भेटली तिथं थांबायची नाही. ती त्या मधल्या दिवसांवर अडकायची. "पोरगी मुकी नव्हती रे विलास," ती मला म्हणायची, "तिला कुणी शिकवलंच नव्हतं."

उमरीला परतल्यावर तिचं पहिली-दुसरीला शिकवणं बदललं. मुळाक्षरांच्या आधी स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव, गाव, तालुका, मामाचं गाव. मग आपलं ताट आपण धुणं, नखं काढणं, रांगेत थांबणं, दुसरा बोलत असताना गप्प बसणं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हात वर करून "बाई, मला समजलं न्हाई" असं म्हणणं. हे म्हणणाऱ्याला ती वर्गापुढं उभं करून शाबासकी द्यायची. कुणाचं पोट दुखत असेल तर त्यानं कुठं, कधीपासून आणि कसं दुखतंय, हे सांगायचं. नुसतं रडून चालायचं नाही. पालक वैतागायचे. मी एकदा तिच्याकडं गेलो असताना एक बाप शाळेत आला होता. "बाई, पोरगं शाळेत काय शिकून राहिलंय? घरी येऊन ताटं धुवून राहिलंय. पाढे शिकवा की." अक्का शांतपणे म्हणाली, "पाढे बी येतात त्याला. विचारा. आणि चुकला तर रागवू नका, चुकलो म्हणून सांगता येतं का ते बघा." बाप पाढे न विचारताच गेला.

पुढं लातूरचं नाव निकालांमुळं गाजायला लागलं. गल्लीगल्लीत क्लास निघाले, नांदेडलाही तेच, आणि मी भौतिकशास्त्र शिकवायला त्यात पडलो. अक्काचे यजमान लवकर गेले होते, मूल नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती लातूरला आली आणि डॉक्टर व्हायचं म्हणून क्लाससाठी बाहेरगावाहून आलेल्या मुली तिनं घरात ठेवून घेतल्या. दहावीला भरपूर मार्क पडलेल्या हुशार मुली. पण ताप आला तर पांघरूण ओढून पडून राहायच्या, मेसच्या डब्यात अळी निघाली तर न जेवता उठायच्या, कुणाला सांगायच्या नाहीत. अक्कानं त्यांना पुन्हा पहिलीपासून शिकवायला घेतलं. मला विचारायची, "तुझ्या वर्गात कुणी हात वर करतं का रे?" मी म्हणायचो, "एवढ्या गर्दीत कुणी कुणी विचारायचं? पोर्शन संपवायचा असतो अक्का." पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न.

देगलूरची मयूरी तिच्याकडं होती तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं. मयूरी आधी जेवायची बंद झाली, मग बोलायचीही. अक्का रोज तिच्याजवळ बसायची. शेवटी एके दुपारी ती बोलली, "बाई, वर्गात काय चाललंय ते मला दिवाळीपासून कळत नाही. आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की मला खाली उतरावंसं वाटत नाही." अक्कानं तिच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "परीक्षा होऊ द्या, मग बघू." अक्कानं त्याच दुपारी तिला घेऊन देगलूरची एसटी गाठली. मी म्हणालो, दुसऱ्याच्या लेकीचं वर्ष बुडवायचा तुला काय अधिकार? ती म्हणाली, "तिला सांगता आलं विलास. आता मी ऐकलं नाही, तर ती परत कुणाला सांगेल?" वडिलांनी अक्काला दारातून परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. मयूरी डॉक्टर झाली नाही. ती देगलूरला बालवाडी चालवते. अक्काच्या दहाव्याला आली होती, बराच वेळ बसली. वडील आले नाहीत. अक्काचं बरोबर होतं असं मला आज वाटतं. पण त्या बापाच्या डोळ्यांसमोर आज कुठली लेक असेल, बालवाडीतली की न झालेली डॉक्टर, हा विचारही मनातून जात नाही.

आणि मग तिचा राग येतो. एवढं सगळ्यांना शिकवलंस, मग स्वतः का नाही बोललीस? मुलींच्या परीक्षा जवळ आल्या होत्या म्हणून? मला क्लासमधून उठवायला नको म्हणून? आमची आई ताप अंगावर काढत भाकरी थापायची आणि त्याचं कौतुक व्हायचं. अक्का त्याच घरात वाढली होती. जे तिला कुणी शिकवलं नाही, ते तिनं शेकडो पोरांना शिकवलं, आणि स्वतः मात्र कोरीच राहिली... असं काहीतरी मी मनाला समजावतो. ते पुरत नाही. रस्त्यानं चालताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत असतो.

मुली परीक्षा होईपर्यंत तिच्याच घरात राहणार आहेत. परवा संध्याकाळी गॅसची टाकी पोचवायला मी गेलो होतो. पुढच्या खोलीत त्या चहाचे कप घेऊन सतरंजीवर गोल बसल्या होत्या. अक्का रोज या वेळी त्यांना असं बसवायची, हे मला माहीत नव्हतं. एकेकीनं दिवस कसा गेला ते सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. एकीचा पेपर वाईट गेला होता. एकीला घरची आठवण येत होती. वैष्णवीनं माझ्यासाठी कप भरला, सरकून जागा केली. फेरी माझ्यापर्यंत आली आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणणार होतो, चाललंय बरं. पण कुणी घाई करेना.

"मला झोप लागत नाही," मी म्हणालो.

"कधीपासून, सर?" वैष्णवीनं विचारलं.