यादोरावांचा पासवर्ड

यादोराव शहारे गोंदियातल्या एका सरकारी बांधकाम कार्यालयात सव्वीस वर्षं निविदा शाखेत होते. २०१२ मध्ये ई-निविदा आली आणि ऑफिस बिथरलं. लाखेचे लिफाफे, सर्वांसमोर उघडायची पेटी, सगळं बंद होणार होतं. नवे साहेब त्यांना म्हणाले, "लोक माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. तुम्ही पुढे व्हा, मी पाठीशी आहे."

यादोराव पुढे झाले. त्रेपन्नाव्या वर्षी माउस धरायला शिकले. धास्तीने बदली मागायला निघालेल्या अल्का या लिपिक मुलीला महिनाभर शेजारी बसवून शिकवलं. देवरीचे छोटे कंत्राटदार छोटेलाल कटरे तर कॉम्प्युटरवर निविदा भरायलाच तयार नव्हते. त्यांना यादोरावांनी शब्द दिला, "इथं आता कोनाले लबाडी करता येत नाही. भरा तुमी."

मार्चमध्ये कामठ्याला यादोरावांची मोठी बहीण वारली. ते निघाले तेव्हा साहेबांनी त्यांच्या डिजिटल सहीची किल्ली, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा, आणि पासवर्ड मागून घेतला. "काम अडायला नको." यादोरावांनी चिठ्ठीवर लिहून दिला.

चौथ्या दिवशी परतले, तर छोटेलाल ऑफिसच्या दारात.

"तुमीच भरायले लावलं अन् तुमीच मले बाद केलं?"

"मी तं कामठ्याले होतो!"

"कॉम्प्युटरवर तुमचंच नाव आहे, शहारेजी."

खरंच होतं. 'अनुभव प्रमाणपत्र नाही' असा शेरा, खाली यादोरावांची सही. फाइल उघडली, तर प्रमाणपत्र जागेवर होतं.

चौकशी लागली. साहेब म्हणाले, किल्ली मी मागितलीच नाही. यादोरावांनी किल्ली दिली तेव्हा अल्का साहेबांच्या शेजारीच बसली होती. तिचा जबाब एका ओळीचा: "मला आठवत नाही." यादोरावांनी लिहून दिलं, पासवर्ड मी दिला ही माझी चूक, पण ती सही मी केलेली नाही. चौकशीने पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडलं.

त्यांची देवरीला बदली झाली. साहेबांना उत्तम अंमलबजावणीचं प्रशस्तिपत्र मिळालं.

अल्काचा एकदा फोन आला. "जयभीम, काकाजी. रागावून आहात का? मी नवीन होते, भ्याले."

"मले विचारलं असतं तं मी सांगितलं असतं, भेऊ नको म्हणून," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

मग ते छोटेलालांच्या घरी गेले. सगळं सांगितलं.

"मानतो मी तुमचं," छोटेलाल म्हणाले. "पन टेंडर भरनं सोडलं मी."

'पुन्हा भरा' हे शब्द यादोरावांच्या तोंडून निघाले नाहीत.