‘म्या’ खोडलं

भिमा आप्पांनी मला फक्त शुद्धलेखन तपासायला सांगितलं होतं. तेवढंच करून मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही. तीस वर्षं दौंडच्या शाळेत मराठी शिकवलेली बाई मी, लाल पेन हातात आलं की मला आवरत नाही.

आप्पा न्हावऱ्याचे. लहानपण मेंढरांमागं गेलं, मग फौज, एकाहत्तरची लढाई, परत आल्यावर शेती. सत्तरी उलटल्यावर त्यांनी शाळेच्या दोन वह्यांत कादंबरी लिहून काढली. मी विचारलं, “लढाईवर का नाही लिहिलंत?”

“लढाईत मानूस कसा वागतो ते बगितलं, बाई. पर त्ये म्या बारा वर्साचा असतानाच बगितलं व्हतं.”

गोष्ट अशी. मेंढरं राखणारी पाच पोरं. मोठी माणसं वरवंडच्या बाजाराला गेलेली, नदीला पाणी आल्यामुळं पलीकडंच अडकलेली. पहिल्या दिवशी पोरं शहाण्यासारखी राखणीच्या पाळ्या लावतात. दुसऱ्या दिवशी दोन तट पडतात. तिसऱ्या दिवशी भाकरी संपते आणि शंभू नावाच्या पोरावर चोरीचा आळ येतो. आधी गंमत म्हणून खडे, मग धोंडे. शंभू मरतो. मोठी माणसं आल्यावर सगळी सांगतात, खडकावरून पडला. आणि शेवटच्या पानावर एकच ओळ: ‘त्यो धोंडा म्या मारला.’

वाचून अंगावर काटा आला. आणि त्या काट्यासकट मी पेन उचललं! बाकी सगळीकडं ‘म्या’चं ‘मी’ केलं, ते ठीक. पण इथं मला वाटलं, माणसाच्या स्वभावावरची एवढी थोर कादंबरी, तिचा शेवट एकट्या पोरावर कशाला? मी लिहिलं, ‘तो धोंडा आम्ही मारला.’ स्वतःवरच खूश झाले, मेली.

आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. भाषा जरा साफ केली म्हटल्यावर म्हणाले, “करा. तुम्ही शिकलेल्या. फकस्त प्रकाशनाला तानुबाईला बोलवा, आन् तिच्यापुढं शेवटचं पान वाचा. मला तोंडानं जमत न्हाई.” तानुबाई कोण, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

न्हावऱ्याच्या शाळेत कार्यक्रम झाला. मी शेवटचं पान वाचलं. ‘आम्ही’ ऐकताच आप्पांनी झटकन मान वर केली. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठली, तीच तानुबाई.

“आम्ही म्हंजी कोन?”

आप्पा खुर्चीचे हात धरून उठायला लागले. पण माईक माझ्याकडं होता ना! मी म्हणाले, “आम्ही म्हणजे आपण सगळेच, आजी. माणसाचा स्वभाव.”

टाळ्या पडल्या. आप्पा खाली बसले. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. पाच महिन्यांनी ते गेले.

दहाव्याला त्यांच्या सुनेकडून कळलं, तानुबाई शंभूची थोरली बहीण. साठ वर्षं ती एकच गोष्ट विचारत होती, की खडकावरून पडलेल्या पोराच्या कानशिलाला एवढीशीच खोक कशी?

मी वही घेऊन तिच्या घरी गेले. खोडलेला शब्द बोटानं दाखवून मोठ्यानं वाचला. ‘त्यो धोंडा म्या मारला.’

तिनं वहीवरून हात फिरवला. तिला वाचता येत नव्हतं.

“ह्ये त्यानं लिवलं व्हतं?”

“व्हय.”

“आन् तुम्ही खोडलं?”

“व्हय.”

तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, “त्या दिवशी म्हनला असता, तर म्या त्याच्या थोबाडीत दिली असती. मग घरी आनून भाकर वाढली असती. साठ वर्सं दोनी ठेवलं व्हतं त्याच्यासाठी, बाई. आता कुनाला देऊ?”

मी गाल पुढं केला. तिनं मारलं नाही. उठून आत गेली आणि ताटात भाकरी घेऊन आली. मला ती खावी लागली.