सोजरताईच्या पदराचं टोक

सोजरताई स्टुडिओत शिरली की मी आधी तिचा पदर चाचपायचे. पाहणाऱ्याला वाटायचं, या दोघी म्हाताऱ्या साडीचं कापड बघताहेत. तसं नव्हतं. पदराचं टोक ओलं असलं तर वरच्या वस्तीला पाणी आलेलं असायचं, कोरडं असलं तर नाही. रोज सकाळी ती वस्तीवरच्या नळाखाली पदर धरायची, अर्धा तास चालत खाली उतरायची आणि साडेआठला मायक्रोफोनसमोर बसून सांगायची. मी एकदा विचारलं, "अगं, नळ डोळ्यांनी बघतेसच ना? वर पदर कशाला भिजवतेस?" तर म्हणाली, "मंदाबाई, माणूस वाटंनं ईचार बदलतो. वाटंत चार जण भेटत्यात, चार गोष्टी सांगत्यात. पदर ईचार बदलत न्हाई."

आणि वरच्याच वस्तीचा नळ का, तर तो पाइपलाइनचा शेवटचा नळ. "शेवटच्याला आलं म्हंजी समद्यांना आलं," हा तिचा हिशेब. ती राहायलाही तिथेच होती, बौद्धवस्तीत.

आमचं रेडिओ केंद्र म्हणजे घोडेगावहून भीमाशंकरकडे जाताना शिनोलीच्या अलीकडे, एका संस्थेच्या आवारातल्या दोन खोल्या. एका खोलीत भिंतींना स्पंज, एक मायक्रोफोन, दोन खुर्च्या. मधे काच. काचेपलीकडे यंत्रं आणि आमचे केंद्रप्रमुख देवकर सर. आवाज आसपासच्या गावांपुरताच जातो, पण त्या गावांत आम्हाला घरच्यासारखं ऐकतात. मी शनिवारी मासवडी कशी वळावी, सारणात तीळ किती घालावेत, असल्या गप्पा मारायचे. माझं माहेर बोरी बुद्रुक, शाळा चौथीपर्यंत, बोलणं मात्र दहा जणांचं. म्हणून सरांनी मला घेतलं. सोजरताई आली ती नोकरीतून निवृत्त झाल्यावर. बावीस वर्षं एका सरकारी कचेरीत ती शिपाई होती. पाणी, वीज आणि बाजारभाव सांगायची दहा मिनिटं तिच्या वाट्याला आली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्यासारख्या छोट्या रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. द्यायच्याच तर सरकारी रेडिओच्या, त्याही जशाच्या तशा लावायच्या. माहिती मात्र देता येते. हवामान, बाजारभाव, वीज कधी जाणार, पाणी कधी येणार. पहिल्याच दिवशी सरांनी सोजरताईला हे नीट समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, पाणी येणार, ही म्हायती. मग पाणी आलं न्हाई, ही बातमी कशी झाली?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ताई, तेवढं जरा बघून बोला."

"बघूनच बोलते. न बघता बोलायची सवय तुमच्या कागदाला हाये, मला न्हाई."

कागद म्हणजे कार्यालयाकडून येणारं माहितीपत्रक. ते कुठलं कार्यालय ते मी लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

त्या कागदाने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. सोजरताई भाचीच्या लग्नाला आणे गावी गेली होती आणि तिची दहा मिनिटं माझ्याकडे आली होती. कागदावर ठसठशीत छापलं होतं की वरच्या वस्तीला उद्या सकाळी सात वाजता पाणीपुरवठा होईल. मी तो माझ्या गोड आवाजात वाचला. वर स्वतःच्या पदरचं एक वाक्यही घातलं, "तर बायांनो, भांडी घासून तयार ठेवा." दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया कांदाकाढणीला गेल्याच नाहीत. दुपारपर्यंत हंडे मांडून बसल्या. तिसऱ्या दिवशी तिथली ठकूबाई, पाठीतून वाकलेली म्हातारी, अर्धा तास उतरून केंद्रावर आली आणि तिने रिकामा हंडा माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"तुझ्या आवाजावर बसून ऱ्हायलो आमी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मावशी, कागदावर तसं होतं हो."

"कागद कुनाचा ते आमाला काय म्हाईत? आवाज तर तुझा व्हता."

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. सोजरताई परत आल्यावर रागवेल असं वाटलं होतं. ती रागवली नाही. चहाची कपबशी हातात घेऊन म्हणाली, "मी बावीस वर्षं कागद नेलाय-आणलाय, मंदाबाई. पहिल्या टेबलावर पाणी मंजूर व्हतं. दुसऱ्या टेबलावर काम चालू व्हतं. तिसऱ्या टेबलावर पाणी घरोघर पोचतं. आन् त्या तीन टेबलांच्या मधी फकस्त मी चाललेली असते. पाणी जागचं हाललेलं नसतं." त्या दिवसापासून मी तिचा पदर चाचपायला लागले.

मग तो उन्हाळा आला. वस्तीच्या वर उभं राहिलं की डिंभे धरणाचं पाणी डोळ्यांना दिसतं. डोळ्यांनाच. तीन आठवडे तिच्या पदराचं टोक कोरडं होतं, आणि ती रोज सांगत होती, वरची वस्ती, पाणी नाही. अशात कुणीतरी मोठे पाहुणे तालुक्यात यायचे होते म्हणून नवा कागद आला. "सर्व वाड्यावस्त्यांना नियमित व पुरेसा पाणीपुरवठा सुरू आहे." आठवडाभर रोज वाचायचा, आणि पाण्याबद्दल दुसरं काहीही बोलायचं नाही, अशी सूचना.

देवकर सर काही वाईट माणूस नव्हेत. त्यांनी अक्षरशः हात जोडले. "ताई, परवान्याचा प्रश्न आहे. केंद्र बंद पडलं तर तुमची दहा मिनिटंही जातील."

"वाचते की," सोजरताई म्हणाली. "वाचायला माजी ना न्हाई. फकस्त तो छोटा रेकॉर्डर आठवडाभर घरी न्यायला द्या."

दुसऱ्या दिवशी साडेआठला तिने कागद वाचला, काना-मात्रेसकट, जराही कुचकेपणा न करता. मग एवढंच म्हणाली, "आता वरच्या वस्तीचा नळ." आणि काचेपलीकडे सरांना मान हलवून खूण केली. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. आधी चावी फिरल्याचा करकर आवाज आला. मग खर्र. मग बारीक शीळ. मग म्हाताऱ्या माणसाने घसा खाकरावा तसं दोनदा काहीतरी झालं, आणि नुसती हवा. सूं. चाळीस सेकंद नळ आसपासच्या सगळ्या गावांत वाजत होता. मागे कुणाच्या तरी हातातल्या बांगड्या आणि रिकाम्या बादलीची कडी, एवढंच. मग सोजरताई म्हणाली, "आता कांद्याचा भाव." त्या आठवड्यात रोज कागद आणि रोज नळ. घोडेगावच्या बाजारात लोक एकमेकांना तो आवाज तोंडाने काढून दाखवायचे.

वस्तीने तिला डोक्यावर घेतलं. ते फार दिवस टिकलं नाही, आणि त्याचं कारणही तीच. तिचा सख्खा भाचा मिलिंद ग्रामपंचायतीला उभा राहणार होता. वस्तीचं पाणी हाच त्याचा मुद्दा. तो आठवडा सरल्यावर एका बुधवारी सकाळी ती नळावर गेली तर मिलिंद आधीच तिथे उभा. हे सगळं तिनेच मला नंतर सांगितलं.

"आत्ये, आजपन नळ वाजव," तो म्हणाला. "मागचाच लाव. कोन बगतंय?"

"आज पाणी आलंय, बाबा."

"करंगळीएवढं आलंय. त्याला काय पाणी म्हनायचं व्हय?"

"मग करंगळीएवढं आलं म्हनून सांगते."

"आत्ये, तू आपली हायेस का त्यांची?"

तिने पदर भिजवला आणि चालायला लागली. साडेआठला सांगितलं, "वरची वस्ती. पाणी आलं. धार करंगळीएवढी. वीस मिनिटं." मिलिंद कितीतरी महिने तिच्याशी बोलला नाही. काल डोक्यावर घेणाऱ्या बाया म्हणायला लागल्या, म्हातारीला कुणीतरी गप्प केलं. मी विचारलं, "जिवाला लागलं का गं?" ती पदराचं टोक पिळत होती. "लागलं तर काय करू? त्यांचा कागद खोटा म्हनून मी माजा नळ खोटा करू?"

त्यानंतर चौकशी लागली. वरून एक साहेब आले, फाईल घेऊन. सरांच्या खोलीत आम्ही चौघं. साहेबांनी सुरुवातच केली, "बाई, तुमच्या मागे कोण आहे?"

सोजरताईने मान वळवून पाहिलं. "भिंत हाये, साहेब."

सर खोकले. साहेब म्हणाले, "तुम्ही बातमी दिलीत. तुम्हाला तो अधिकार नाही."

"मी तर तुमचाच कागद वाचला. त्याम्होरं एक शबुद बोलले न्हाई. नळ बोलला."

"नळाचा आवाज ऐकवणं म्हणजे एकतर्फी प्रचार होतो. शासनाच्या विरोधात."

"मग त्या बुधवारचं लावा," ती सरांना म्हणाली. झालेलं प्रसारण तीन महिने जपून ठेवावं लागतं, ते यंत्रात होतंच. सरांनी लावलं. पाणी आलं, धार करंगळीएवढी, वीस मिनिटं. "त्या दिशी माजा भाचा तोंडावर पडला, साहेब. घरातलं मानूस तुटलं. तवा कुनाच्या बाजूची व्हते मी?"

साहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले, "तो नळाचा आवाज लावा." पूर्ण चाळीस सेकंद त्यांनी ऐकला. पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, मला वर काहीतरी लिहून द्यावंच लागेल."

"लिवा की. पर नळ उघडून बगून लिवा. वस्ती अर्ध्या तासावर हाये. मी चलते संगं."

साहेबांनी घड्याळ बघितलं. ते वस्तीवर गेले नाहीत.

पंधरा दिवसांनी लेखी ताकीद आली. पाण्याबाबत फक्त कार्यालयाची माहिती जशीच्या तशी वाचावी. अन्य कोणताही मजकूर अथवा आवाज प्रसारित करू नये. सरांनी ती तिला वाचून दाखवली. मला वाटलं, संपलं. सोजरताईने कागद हातात घेतला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "दुसरा कुठलाच आवाज न्हाई. बरं."

दुसऱ्या दिवशी तिच्या पदराचं टोक कोरडं होतं. तिने कार्यालयाचा कागद वाचला आणि थांबली. मांडीवर बोटं मोजत दहा सेकंद नुसती बसून राहिली. रेडिओवर दहा सेकंद काहीच नसणं म्हणजे काय, हे रेडिओवाल्यालाच कळतं. काचेपलीकडे सर दोन्ही हात हलवत होते. तिने शांतपणे दहावं बोट मिटलं आणि म्हणाली, "आता टोमॅटोचा भाव."

"ताई, हे काय केलंत?" सर आत धावले.

"काय केलं? गप बसले. गप बसायला परवानगी लागत न्हाई, सर."

पाणी आलेल्या दिवशी ती न थांबता बाजारभावावर जायची. नाही आलं की दहा सेकंद. लोकांना उमगायला चार दिवस लागले नाहीत. दुकानात कुणी विचारायचं, "काय रं, आज बाई गप व्हत्या का?" आणि दुसरा मान हलवायचा. या गप्प बसण्यावर काय कारवाई करावी ते बहुधा कुणाला सुचलं नाही. दोन वर्षं तिने ते चालवलं.

गेल्या थंडीत ती खाटेला खिळली. उठता येईना तर सुनेकडून एक फडकं नळाखाली धरून घ्यायची आणि ते माझ्याकडे पाठवायची. आणणारा कोण, तर मिलिंद. पहिल्या दिवशी फडकं पुढे करत तो म्हणाला, "काकू, आत्यानं सांगितलंय, वाटंत कुनाशी बोलायचं न्हाई." तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी कागद वाचायचे, फडकं चाचपायचे, आणि कोरडं असलं की दहा बोटं मिटायचे. आठव्या दिवशी मिलिंद रिकाम्या हाताने आला.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी कार्यालयाकडून तिच्यासाठी श्रद्धांजलीचा कागद आला, रेडिओवर वाचायला. चांगला लिहिला होता. जनसेवेचा वसा, निर्भीड वाणी, सगळं होतं. शेवटची ओळ अशी होती : "त्यांच्या अथक प्रयत्नांना यश येऊन वरच्या वस्तीला आज नियमित पाणीपुरवठा सुरू आहे, हीच त्यांना खरी आदरांजली."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच मी वस्तीवर गेले. माझे गुडघे आता चढाला साथ देत नाहीत, मधे तीनदा बसले. ठकूबाई नळाशी हंडा घेऊन उभी होती. मला बघून तिने चावी सोडली. मी पदराचं टोक धरलं. बराच वेळ धरलं.

साडेआठला मायक्रोफोनसमोर बसले. श्रद्धांजली वाचली, काना-मात्रेसकट, शेवटच्या ओळीसकट. आणि थांबले. दहा बोटं मिटली तरी थांबले. डाव्या हातात पदराचं टोक होतं, उन्हात वाळलेल्या पापडासारखं कडकडीत. पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला लागले. काचेपलीकडे सरांनी हात हलवले नाहीत. ते उभे राहिले होते.

बाहेर आले तर सर प्रसारणाची नोंदवही उघडून बसलेले. प्रत्येक मिनिटाला काय वाजलं ते तिच्यात लिहावं लागतं. मला न बघता म्हणाले, "मंदाकाकू, तेवढ्या सेकंदांचं काय लिहू? श्रद्धांजलीचं मौन म्हणून लिहितो. कुणाला बोलता यायचं नाही."

"नको, सर," मी म्हटलं. "वरच्या वस्तीला पाणी आलं नाही, असं लिहा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग वाकून तसंच लिहिलं.