यादोरावचा सत्कार

यादोरावचा जीव एका सत्काराने घेतला.

चाळीसच्या वर वर्षं लागली, पण घेतला त्यानेच. काल दुपारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. म्हणोत बापडे.

तुमच्यापैकी बरेच जण त्याला ओळखत नाहीत, म्हणून सांगते.

सत्तरच्या दशकाची अखेर. लाखनीच्या पलीकडे आमचं गाव आणि गावात नवं नवं हायस्कूल. दहावीला आम्ही मोजकीच पोरं. यादो शाळानायक होता, मी मुलींची नायिका.

शर्टावर पत्र्याचा बिल्ला. प्रार्थनेला "शाळा, सावधान!" म्हणाला की हायवेवरचे ट्रकवालेसुद्धा मान वळवून बघायचे.

आवाज तेवढा मोठा. स्वतःसाठी मात्र तोंड उघडायचा नाही.

त्याला ओव्हरसियर व्हायचं होतं. नागपूरला पॉलिटेक्निक करायचं आणि परत येऊन आमच्या तलावाची पाळ पक्की बांधायची. दर पावसाळ्यात ती फुटायची आणि खालच्या बांध्यांतला, म्हणजे भाताच्या खाचरांतला, धान वाहून जायचा. त्यात यादोच्या बापाचाही असायचा.

निकाल लागला. यादो शाळेत पहिला, फर्स्ट क्लास. गावातला पहिलाच.

मी दुसरी.

माझी मार्कशीट क्लार्कने खिडकीतून सरकवली. एका हाताने शेंगा सोलत होता, दुसऱ्या हाताने कागद दिला. मी घेऊन घरी आले.

यादोची नाही दिली.

हेडसर म्हणाले, "पहिला नंबर असा खिडकीतून देतेत काय? सभापतीच्या हस्ते देऊ. गाव पाह्यन."

आमच्याकडे 'हस्ते' शिवाय काही होत नाही. बोअरिंगला पाणी लागलं तरी पहिली बादली कोणाच्या तरी हस्ते भरली जाते. हेडसर वाईट माणूस नव्हता हो. त्याने ती मार्कशीट आणि टीसी लाल फीत बांधून कपाटात ठेवली. काच पुसून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

रविवार ठरला. यादोनेच पंचायतीतून खुर्च्या आणल्या, पताका लावल्या. दुपारपर्यंत सगळे ताटकळले. सभापतींना भंडाऱ्याला मीटिंग लागली होती.

दुसरी तारीख ठरली. त्या दिवशी नाल्यावरून पाणी गेलं, जीप पलीकडेच राहिली.

मी त्याला शाळेच्या पायरीवर गाठलं.

"यादो, फॉर्मची तारीख जाऊन राहिली ना रे. मांग ना सरले. तुयाच कागद हाय तो."

"शाळानायकच असा मांगाले लागला तं बाकीचे पोट्टे काय शिकतीन, तारा?"

"आग लागो तुया नायकपणाले!"

तो हसला. "देतीन ना. सर काही खाऊन टाकत नाही मार्कशीट."

मग मी त्याच्या घरी गेले. त्याचा बाप रोवणीवरून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, आमच्या घरात आजवर कोनाच्या गळ्यात हार नाही पडला. सभापती देईन तवाच घेऊ."

मी आले परत.

तिसऱ्यांदा सभापती आले. तोवर मी भंडाऱ्याला मामाकडे राहून अकरावीत बसायला लागले होते. मुद्दाम एसटीने गावी आले.

शाल, श्रीफळ, हार. बाप पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर नेसून. सभापती म्हणाले, हा मुलगा उद्या इंजिनिअर होऊन गावाचं नाव काढेल. टाळ्या थांबेनात.

पॉलिटेक्निकची तारीख आदल्या आठवड्यातच गेली होती. मला माहीत होतं आणि त्यालाही.

आभारप्रदर्शन शाळानायकाने करायचं अशी पद्धत, आणि नवा नायक अजून नेमला नव्हता. यादो उठला. शाल सावरली आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "सभापती महोदयांनी आपल्या अमूल्य वेळातून वेळ काढला, त्याबद्दल मी शाळेच्या वतीने त्यांचे आभार मानतो."

मी टाळ्या नाही वाजवल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आधी काय आलं ते आज सांगता येणार नाही.

"पुढच्या वर्षी जाईन," म्हणाला.

पुढच्या वर्षी बापाला लकवा मारला. मग बहिणीचं लग्न. मग त्याचं स्वतःचं. पुढचं वर्ष काही आलं नाही.

मी दुसरी होते, म्हणून शिकले. मास्तरीण झाले, पेन्शन घेते. यात माझं कर्तृत्व किती आणि त्या खिडकीचं किती, हा हिशेब मी करत नाही.

यादो गावातच राहिला. दर पावसाळ्यात पाळीवर मातीची पोती टाकायला सगळ्यांच्या पुढे. ती पाळ अजून फुटते.

शाळेत कोणाचाही सत्कार असो, खुर्च्या यादोराव लावणार, आभार यादोराव मानणार.

आणि दरवर्षी निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकाजवळ उभा राहायचा. पोरांना ओरडून सांगायचा, "पहिले मार्कशीट घे बे! हार मंग घालजो!"

पोरं हसायची. त्यांना वाटायचं, म्हातारा सरकला.

आता निकाल मोबाईलवर येतो. तेवढं एक काम होतं त्याच्याकडे, तेही गेलं.

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. यादोरावजींची शोकसभा शाळेच्या पटांगणात होणार. दिवस अजून ठरलेला नाही. साहेबांची तारीख मिळाली की कळवू.

मी फोन खाली ठेवला. चहा तसाच गार झाला.

यादो, तुला आता कोणाची वाट बघायची नाही, आणि मीही बघणार नाही. शाल नाही, श्रीफळ नाही, पाहुणे नाहीत. तुझी तारा दोन्ही हात जोडते आहे, तेवढंच घे.

जा बाबा.