एका बाजूने ओला खांब

भिंत दिसली की मिस्त्री आधी तिच्यावर उलटा तळहात टेकवीत. तापलेल्या मुलाच्या कपाळावर आई टेकवते, तसा. मग डोळे अर्धे मिटून विचारीत, "पानी पेलं का हिनं?" आणि कुणी उत्तर द्यायच्या आतच सांगत, "न्हाई. कमीच पेली."

आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ते आले, तेव्हाही त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीची अशीच विचारपूस केली. सासूबाईंना ते रुचले नाही. "पाहुणे, आधी तुम्ही तर प्या," म्हणत त्यांनी तांब्या पुढे केला. मिस्त्री अर्धा तांब्या प्याले आणि उरलेले पाणी खिडकीखालच्या ताज्या गिलाव्यावर हलक्या हाताने शिंपडले. ओल्या सिमेंटचा तो थंड, किंचित आंबूस वास घरभर पसरला. सासूबाईंनी रिकामा तांब्या उचलून आत नेला. पण संध्याकाळी त्याच जागी गुपचूप पाणी मारताना मी त्यांना पाहिले.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमच्या तालुक्यातील एका बांधकाम कंपनीत त्यांचे सारे आयुष्य गेले होते. कंपनीचे मालक राजकारणातले, मोठ्या शेतीचे; सगळे त्यांना अण्णा म्हणत. कंपनीला पंचवीस वर्षे झाली तेव्हा अण्णांनी स्मरणिका लिहिण्याचे काम माझ्याकडे सोपवले. मी महाविद्यालयात मराठी शिकवते, थोड्याफार कविता लिहिते आणि माझे यजमान अण्णांच्याच संस्थेत मुख्याध्यापक आहेत. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

स्मरणिकेचे मधले जोडपान टाळेबंदीच्या वर्षासाठी राखून ठेवले होते. डाव्या बाजूला त्या वर्षी जगात काय घडले, उजव्या बाजूला कंपनीने काय केले. वर मोठ्या अक्षरांत मथळा: 'जग थांबले, आम्ही नाही.' मथळा अण्णांचा. तपशील मिस्त्रींकडून घ्यायचा होता, कारण कंपनीचा इतिहास असा फक्त त्यांच्याच डोक्यात होता. नारायणगडाच्या वाटेवरची मोरी, सिरसाळ्याचे धान्याचे गोदाम, कोणत्या छताने किती दिवस पाणी मागितले, सारे त्यांना पाठ होते.

पहिली दुपार मजेत गेली. मी जगाच्या बातम्या वाचून दाखवीत होते आणि ते एकेक बातमी हातात घेऊन तोलावी तशी ऐकत होते.

"त्या वर्षी ऑलिम्पिक पुढे ढकलले, मिस्त्री."

"आमच्या जत्रंतल्या कुस्त्या बी ऱ्हायल्या की. ते बी लिवा."

"अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला. घेणाऱ्यालाच वर पैसे देत होते."

त्यांनी चष्मा काढला. "आन् आमच्या मिक्सरला डिझेल मिळंना. कावून न्हाई धाडलं मंग हिकडं?"

मग मी उजव्या पानाचे छायाचित्र पुढे ठेवले. चकलांब्याकडच्या बाजूला एक गाव आहे, त्याचे नाव लिहीत नाही. तिथल्या पाण्याच्या उंच टाकीचा एक खांब त्यात होता. उन्हात चकाकणारा, भिजून काळसर झालेला, भोवती ओले गोणपाट. गेरूने रंगवलेली ओतकामाची तारीखही स्पष्ट दिसत होती.

मिस्त्रींचा हात कपाकडे जात होता, तो वाटेतच थांबला. "ह्यो फोटू कुणी दिला?"

"अण्णांनी. तुम्हीच पाठवला होता म्हणे."

ते उठले आणि चपला घालून निघून गेले. चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे होते. "बाई, चला. दावतो."

टाकीखाली आम्ही पोचलो तेव्हा पंप नुकताच सुरू झाला होता. पाणी वर चढताना लोखंडी नळातून एक खोल घरघर येत होती. सहा खांबांच्या सावलीत अंगणवाडीची मुले चटईवर बसून गाणे म्हणत होती. मिस्त्री एकेका खांबाला हात लावीत फिरत होते. आता त्यांचा हात आईचा वाटत नव्हता. अंधारात वाट चाचपणाऱ्याचा वाटत होता.

"रोज येतो," ते म्हणाले. "टाकी भरंपातूर हितंच उभा ऱ्हातो. सहा वर्सं झाली."

मग त्यांनी सांगितले. खांब ओतले आणि टाळेबंदी लागली. मजूर पायी आपापल्या गावी गेले; कामावर ते एकटेच उरले. काँक्रीट घट्ट व्हायला दोन आठवडे तरी भिजते ठेवावे लागते. त्यासाठी कंपनीचा एक टँकर रोज येत होता. त्याच दिवसांत उसाच्या फडांवरून परतलेली माणसे गावाने वेशीवरच अडवली, बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या आणि त्यांना शाळेत कोंडले. शाळेचा हापसा कोरडा. बाया-लेकरे धरून चाळीस जीव. विहिरीवर कुणी जाऊ देईना.

"पोरं बिनपान्याची रडत नव्हती, बाई. रडायला बी पानी लागतं. मी टँकरचा पाइप शाळंकडं वळीवला. अकरा दिस."

"आणि खांब?"

"गोणपाट पापडावानी वाळलं. अण्णा फोनवर इचारायचे, पानी मारताय ना? मी म्हणायचो, मारतोय. फोटू मागायचे. मंग एका खांबाची एक बाजू घागरीनं भिजवायची, तेवढीच दिसंल असा फोटू काढायचा." ते थांबले. "बाकी समदं कोरडं हुतं."

मुलांचे गाणे संपले होते. मी वर पाहिले. लाखो लिटर पाणी डोक्यावर उभे होते. त्या दिवसापासून मला सगळीकडे पाणी चढताना ऐकू येऊ लागले: वर्गात, देवघरात, उशीखाली.

मी अण्णांकडे गेले. टाकीची तपासणी करून घ्या, एवढेच बोलले. अण्णा हसले. "मॅडम, टाकी सहा उन्हाळे उभी आहे. मिस्त्री दमलेत आता. आणि तुम्ही पडलात कवयित्री, तुम्हाला गोष्टी लागतात मनाला." चहा आला. तो संपेपर्यंत ते पावसापाण्याचे बोलत राहिले. मग निरोप देताना म्हणाले, "सर बरे आहेत ना? त्यांची शाळा घरापासून फार जवळ पडते, नाही का?"

चहात आले जास्त होते. घशापाशी ते बराच वेळ जळत राहिले.

मी घाबरले, हे लपवत नाही. चार दिवस मिस्त्रींना टाळले. पाचव्या दिवशी तेच आले. म्हणाले, "तुमी कायबी करू नगा. बीडच्या पानीपुरवठ्याच्या हाफिसात द्यायला अर्ज फकस्त लिहून द्या." मी लिहिला: काय झाले, कुणी केले, किती दिवस. मग त्यांना वाचून दाखवला. त्यांनी कागद घेतला आणि विचारले, "कोरा कागद हाय का आनखी?"

"कशाला?"

"तुमचं अक्षर समद्या तालुक्याला ठावं हाय, बाई."

आमच्या ओसरीवर बसून त्यांनी तो सारा अर्ज पुन्हा स्वतःच्या हाताने उतरवला. वीट बसवावी तसे एकेक अक्षर. मग माझा कागद माझ्यासमोर फाडून तुकडे मला परत दिले आणि बीडची एसटी धरली.

तपासणीसाठी टाकी रिकामी करायची ठरली, तेव्हा सारा गाव गोळा झाला. पंधरा दिवस नळ बंद राहणार होता. एक बाई कमरेवर घागर घेऊन पुढे आली. टाळेबंदीत शाळेत कोंडलेल्यांपैकीच ती होती. "तवा पाजलंत आन् आता तोडलंत, मिस्त्री? आता कुठून आणायचं पानी, तुमच्या घरून?"

"व्हय बये," ते म्हणाले. "मीच तोडलं."

तीन खांब कमजोर निघाले. त्यांना बाहेरून सळ्यांचा नवा वेढा घालायचे ठरले. अंगणवाडी मारुतीच्या देवळात गेली. स्मरणिका निघाली. मधले पान दुसऱ्या कुणी लिहिले. छायाचित्र तेच होते. माझ्या यजमानांना पन्नास किलोमीटरवरच्या शाळेत पाठवले गेले. मिस्त्री कंपनी सोडून सिरसाळ्याला लेकीकडे गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले.

मला मात्र टाकी रिकामी झाली ती दुपार आठवते. झडप उघडली तेव्हा पाणी गल्लीतून धावत सुटले आणि मुले त्यात आरडाओरडा करीत उतरली. नळातून उतरणाऱ्या पाण्याची घरघर हळूहळू पातळ होत गेली आणि थांबली. मिस्त्री खाली एका खांबाला पाठ लावून बसले होते. काही सांगावे म्हणून मी जवळ गेले. त्यांची मान कलली होती, तोंड किंचित उघडे होते. भर उन्हाच्या वेळी, इतक्या गोंगाटात, ते गाढ झोपले होते.