नाकवाल्यांचा निर्वाळा

पेट्रोल पंपाच्या आवारात चार कोपऱ्यांना चार अरुंद बोअर होत्या, वर लोखंडी झाकणं. दर तीन महिन्यांनी नमुने गोळा करणाऱ्या ऑफिसातून नाकवाले एकटेच यायचे, आतलं शिळं पाणी उपसून टाकायचे आणि दोरीला बांधलेली नळी खाली सोडून ताज्या पाण्याने बाटल्या भरायचे. बाटली काठोकाठ, आत बुडबुडा राहता कामा नये. बर्फाच्या पेटीतून त्या प्रयोगशाळेत पोचल्या की त्यांचं काम संपलं. जमिनीखालच्या टाक्यांतून पेट्रोल झिरपतंय का, ते प्रयोगशाळा सांगणार. पण नाकवाल्यांना ते आधीच कळायचं. बाटली नाकाशी धरून ते म्हणायचे, हिच्यात आहे, आणि तीन आठवड्यांनी अहवालही तेच म्हणायचा. म्हणून तर त्यांना हे नाव पडलं. एरवी माणूस अगदी नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मिरवायचं म्हटलं तर जवळ एवढंच होतं.

पंपाच्या मागच्या भिंतीला लागून एका निवृत्त नर्सचं घर होतं. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. अंगणात हातपंप, प्यायला आणि स्वयंपाकाला तेच पाणी. तो काही नाकवाल्यांच्या यादीत नव्हता. पण एकदा सिस्टरनी भिंतीवरून हाक मारून विचारलं आणि तेव्हापासून पायंडाच पडला. दर खेपेला जायचं, पेलाभर पाणी हुंगायचं, "चांगलं आहे सिस्टर, खुशाल प्या," म्हणायचं आणि चहा घेऊन निघायचं.

मग एका थंडीत नाकवाल्यांना ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी ते बायकोच्या लक्षात आलं. शेगडीवर दूध करपून काळंठिक्कर पडलं होतं आणि हे शेजारीच बसून पेपर वाचत होते. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. ऑफिसात सांगून टाका, असं बायको चार वेळा म्हणाली. बाटल्या तर प्रयोगशाळाच तपासते, माझ्या नाकावाचून कुणाचं काय अडतंय, असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं. खरं कारण तिलाही सांगितलं नाही. नाकच गेलं तर लोक आपल्याला ओळखणार कशावरून, याची त्यांना धास्ती होती.

त्याच वर्षी सिस्टरच्या मुलाचं लग्न झालं. पुढच्या खेपेला नवी सून पेला घेऊन बाहेर आली.

"काका, नीट बघा हं. आठवडाभर मला रॉकेलसारखा वास येतोय."

नाकवाल्यांनी पेला नाकाशी नेला. काही कळलं नाही, जसं हल्ली कशाचंच कळत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढंच. त्याऐवजी ते हसले.

"नव्या सुनेला सासरच्या पाण्याला वास येतोच," म्हणाले.

सिस्टरही हसल्या. सून हसली नाही.

ती कामावरून येताना पिण्यापुरतं पाणी बाहेरून आणू लागली. सिस्टरना ते झोंबलं. इतक्या वर्षांचा जाणता माणूस खोटा आणि कालची तू खरी का, इथून जे सुरू झालं ते तिच्या माहेरापर्यंत गेलं. दोन महिन्यांत मुलगा आणि सून वेगळे राहायला गेले. पुढच्या खेपेला सिस्टरनीच हे सगळं सांगितलं, डोळ्याला पदर लावून. नाकवाल्यांच्या हातातला चहा गारढोण झाला. तरीही त्यांनी पेला हुंगला आणि पाणी चांगलं आहे असंच सांगितलं.

त्या खेपेला मागच्या कोपऱ्यातल्या बोअरच्या बाटलीत पेट्रोल सापडलं. पाइपाचा एक सांधा कित्येक महिने झिरपत होता आणि ते पेट्रोल दोन बोअरच्या मधून सरकत मागच्या घरांखाली गेलं होतं. प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः गल्लीतलं पाणी घ्यायला आल्या. सिस्टरच्या हातपंपाची बाटली भरताच त्यांनी मान मागे घेतली. नाकवाले शेजारी निर्विकार उभे होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्हाला येत नाहीये?"

"नाही."

"कधीपासून?"

त्यांनी तापाचं सांगितलं. सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

दोन दिवसांनी नाकवाले एकटे गेले. सिस्टरनी बसा म्हटलं, पण पाणी विचारलं नाही. ते माफी मागू लागले तेव्हा त्यांनी हातानेच थांबवलं.

"मला मधूनमधून यायचा वास," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही म्हणालात, म्हणून मी माझ्याच नाकावर विश्वास ठेवला नाही. रक्ताच्या तपासण्या होतील, त्यात काय निघायचं ते निघेल. पोरीला मात्र मी चारचौघांत खोटं पाडलं. ते कसं निस्तरू?"

नाकवाले तडक सून काम करत होती त्या चष्म्याच्या दुकानात गेले. ती एका गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होती, तोवर कोपऱ्यात उभे राहिले. मग सगळं सांगितलं. तिने काउंटरची काच पुसता पुसता ऐकून घेतलं.

"काका, नाक गेलं त्याला तुम्ही काय करणार? पण मी विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. तुम्ही हसलात म्हणून आई हसल्या."

पंप तीन महिने खणलेला होता. गल्लीत नळ आले, हातपंपाचा दांडा काढून नेला. सिस्टरचं रक्त अजून तरी ठीक आहे, दर सहा महिन्यांनी तपासायचं आहे. मुलगा आणि सून रविवारी येतात, जेवतात आणि संध्याकाळी आपल्या घरी जातात. परत राहायला या, असं सिस्टरनी एकदा म्हटलं. बघू, म्हणाली सून.

नाकवाल्यांनी ऑफिसात स्वतःहून लिहून दिलं. आता ते बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या टेबलावर बसतात. नाव तेच राहिलंय, नवे लोक त्याचं कारण विचारत नाहीत. सिस्टरच्या घरावरून त्यांचा रोजचा रस्ता जातो. अंगणात त्या दिसल्या तर दोघं मान हलवतात. आत या, असं त्या म्हणत नाहीत आणि तेही थांबत नाहीत.